पाण्यातलं गवत लाटेचं काय करतं?

गेल्या महिन्यात या सदरात पाणकणसाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा पाण्यातल्या गवतालाच दिली आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षं फ्ल्यूमपाशी गेली. फ्ल्यूम म्हणजे काचेच्या भिंतींचा लांबलचक चर. एका टोकाला पंप किंवा लाटा उठवणारी फळी, आणि मधे जे तपासायचं असेल ते. काचेशी डोळे लावून तिथे जे पाहिलं, त्याच्याच आधाराने ही उत्तरं देते आहे.

प्रश्न : आमच्या तळ्याचा एक काठ दरवर्षी ढासळतो. जिथे पाणकणीस दाट आहे, तिथली माती मात्र जागची हलत नाही. हे गवत लाट अडवतं कसं? पाणी तर काड्यांमधून आरपार जातं. मग सरळ भिंतच बांधलेली बरी नाही का?

पाणी आरपार जातं, म्हणूनच तर ते गवत कामाचं आहे. लाट पुढे सरकताना दिसते, पण तिच्यातलं पाणी लाटेबरोबर प्रवासाला निघत नाही. लाटेचा माथा वरून जाताना ते पुढे झुकतं, खळगा जाताना मागे येतं. काठाजवळच्या उथळ पाण्यात ही नुसती पुढे-मागे ये-जा असते. त्या वाटेत काडी उभी असेल तर पाण्याला प्रत्येक खेपेला तिला वळसा घालावा लागतो आणि काडीच्या पाठीमागे भोवरा सुटतो. पाणी उलटं फिरलं की दुसऱ्या बाजूला नवा भोवरा. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून आणखी लहान, आणि शेवटी त्याची ताकद पाण्यातच विरून किंचितशी ऊब होते. एका काडीने होतं ते नगण्य. पण चौरस मीटरला शे-दोनशे काड्या आणि दर दोन सेकंदांनी एक लाट धरलीत, तर हिशोब मोठा होतो.

भिंत लाटेची ताकद संपवत नाही, ती परत पाठवते. आलेली आणि परतलेली लाट एकमेकींत मिसळतात, भिंतीच्या पायथ्याशी पाणी अधिकच घुसळतं आणि तिथली माती निघून जाते. भिंतीची गरज कधीच नसते असं मी म्हणणार नाही. पण जिथे गवत आधीच काम करतंय, तिथे ते उपटून भिंत घालणं मला पटत नाही.

आता थोडे आकडे. लाटेची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३० सेंटीमीटर उंचीच्या लाटेत पाण्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ११० ज्यूल ऊर्जा असते, १५ सेंटीमीटरच्या लाटेत फक्त २८. म्हणजे उंची निम्मी झाली की काठावर आदळणारी ताकद पावच उरते. हे निम्मं होणं दर वेळी सारख्याच अंतरात होत नाही. ताठ काड्यांच्या एखाद्या पट्ट्यात ३० ची लाट पहिल्या १० मीटरमध्ये १५ वर आली, तर १५ ची साडेसात व्हायला पुढचे २० मीटर लागतात आणि त्यापुढच्या निम्म्याला ४०. याचं कारण असं, की पाणी जितक्या वेगाने काडीवरून जातं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात काडीचा विरोध असतो. लाट लहान झाली, वेग घटला, की विरोधही ढिला पडतो. म्हणून पाण्याकडच्या बाजूचा पहिला पट्टा सगळ्यात जास्त राबतो. नाव बांधायला किंवा कपडे धुवायला जागा करताना लोक नेमका तोच कापतात. काठाला लागून उरलेलं गवत मग दिसायला हिरवं असतं, पण त्याच्यावर पूर्ण ताकदीची लाट येऊन पडते.

गवत पाण्यात किती उंच उभं आहे, हे तितकंच महत्त्वाचं. लाटेची हालचाल पृष्ठभागाशी सर्वांत जोरदार असते आणि खाली उतरावं तशी भराभर मरते. साधारण अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर ती जवळजवळ संपलेली असते. तळ्यावर वाऱ्याने उठणाऱ्या दोन सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सव्वासहा मीटरच्या आसपास भरते, म्हणजे तीन मीटर खाली तिची खबरही पोचत नाही. चार-पाच मीटर खोल तळावर वीतभर वाढलेलं गवत त्या लाटेचं काहीही करू शकत नाही. पाणकणीस मात्र तळापासून पाण्याबाहेरपर्यंत उभं असतं, म्हणून लाटेला ते प्रत्येक पातळीवर भेटतं.

मोठ्या लाटांपुढे हे टिकतं का, अशी शंका येणं साहजिक आहे. जर्मनीत हॅनोव्हरला सुमारे ३०० मीटर लांबीचा लाटांचा फ्ल्यूम आहे. तिथे संशोधकांनी खाऱ्या दलदलीचे गवतासकट कापलेले ठोकळे आणून ४० मीटरचा पट्टा रचला, वर दोन मीटर पाणी घेतलं आणि जवळपास ९० सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या लाटा सोडल्या. मग गवत कापून तेच पुन्हा केलं. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की लाट जितकी खचली त्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा वाटा गवताचा होता. जोरदार लाटांत काड्या आडव्या झाल्या, मोडल्या. पण खालची माती तरीही धुऊन गेली नाही. तुमच्या काठाची माती का हलत नाही, याचं दुसरं अर्धं उत्तर इथे आहे : वर काडी लाट खाते आणि खाली मुळं माती धरून ठेवतात.

प्रश्न : ओढ्याच्या तळाशी लांब पात्यांचं गवत आहे. पाणी संथ, एका लयीत वाहतं, वारा नाही, लाट नाही. तरीही गवतावरून एकामागून एक लहरी जाताना दिसतात. पाणी स्थिर वेगाने वाहत असेल तर गवत डोलतं कशामुळे?

तुम्ही जे पाहिलंत त्याला नाव आहे. ॲकरमन आणि ओकुबो या संशोधकांनी १९९३ साली त्याला ‘मोनामी’ म्हटलं. जपानीत ‘मो’ म्हणजे पाणवनस्पती आणि ‘नामी’ म्हणजे लाट. वाऱ्याने शेतातलं पीक डोलतं त्याला आधीपासून ‘होनामी’ हा शब्द होता, ‘हो’ म्हणजे कणीस. मोनामी त्याचीच पाण्यातली बहीण.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते जांभळ्या रंगामुळे. फ्ल्यूममध्ये प्लॅस्टिकच्या अरुंद पट्ट्यांचं कृत्रिम गवत चिकटवलं होतं, वरून पाणी हळू वाहत होतं. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी मी बारीक नळीने दोन ठिकाणी सोडलं, एक धार गवताच्या मधोमध आणि एक गवताच्या शेंड्यांच्या जरा वर. वरची धार सरळ रेषेत झपाट्याने निघून गेली. आतली जागच्या जागी घुटमळत, पसरत, सावकाश पुढे सरकली. मग मी नळी अगदी शेंड्यांच्या पातळीवर आणली. धार आधी सरळ निघाली, हातभर गेल्यावर नागमोडी झाली आणि बघता बघता तिचे गोल गुंडाळे झाले, सतरंजी गुंडाळावी तसे. एकेक गुंडाळा पुढे सरकत होता आणि तो ज्या पट्ट्यांवर येईल त्या वाकत होत्या, तो पुढे गेला की उठत होत्या. मी त्या दिवशी जेवायला गेले नाही.

कारण असं. गवताच्या आत पाणी मंद, वर वेगवान. दोन वेगांचे थर एकमेकांना घासत जातात तिथली सीमा सपाट राहू शकत नाही. थोडीशी चुणी पडली की ती वाढत जाते आणि तिचा भोवरा होतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये आणि केल्विन यांनी १८७१ मध्ये ही अस्थिरता मांडली, म्हणून तिला त्या दोघांचं नाव आहे. वाऱ्यामुळे पाण्यावर उठणाऱ्या तरंगांच्या अभ्यासातही तीच येते. तुमच्या ओढ्यात पाणी खरंच एका लयीत येतंय. लहरी गवत स्वतःच तयार करतंय, पाण्याचे दोन वेग करून.

दिसायला ही शोभा वाटते, पण गवताचा श्वास याच भोवऱ्यांवर चालतो. वरचं ताजं पाणी आत आणि आतलं शिळं पाणी बाहेर नेण्याचं काम तेच करतात. गवत फार दाट असेल तर भोवरा शेंड्यांखाली थोडाच शिरतो आणि बुंध्यापाशी पाणी जवळजवळ थबकलेलं राहतं. गाळ तिथेच बसतो. लहान मासे आणि जलचरांची पिल्लं तिथे आसरा घेतात, ती याच थबकलेल्या पाण्यामुळे.

प्रश्न : मी कालव्याच्या देखभालीचं काम पाहतो. गवत वाढलं की पाणी चढतं हे रोजचं आहे. पण नेमकं किती चढेल याचा काही हिशोब आहे का? आणि सगळंच गवत काढावं का? जलपर्णीने काय होतं?

हिशोब आहे आणि तो जुना आहे. उघड्या कालव्यातल्या पाण्याचा वेग काढायचं, रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ साली मांडलेलं सूत्र तुमच्या कामात रोज असेल. त्यातला खडबडीतपणाचा आकडा, म्हणजे ‘एन’, गवत वाढलं की बदलतो. जलअभियंते व्हेन ते चाऊ यांच्या १९५९ च्या कोष्टकात आखूड गवताच्या, तुरळक तण असलेल्या सरळ मातीच्या कालव्याला ०.०२७ धरलाय आणि पाण्याच्या उंचीइतकं दाट तण माजलेल्या कालव्याला ०.०८०. म्हणजे जवळपास तिप्पट. रुंद कालव्यात तेवढंच पाणी, तेवढ्याच उतारावर वाहायचं असेल, तर एक मीटरची खोली १.९ मीटरवर जाते. काठाची उंची ठरवताना एवढी वाढ धरलेली नसेल, तर पाणी बाहेर पडणारच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गवताच्या बाबतीत ‘एन’ हा दगडासारखा पक्का आकडा नाही. पाणी जोरात आलं की गवत आडवं होतं आणि तेच गवत कमी अडवतं. त्यामुळे मंद पाण्यात काढलेला आकडा पुराच्या वेळी जसाच्या तसा वापरू नये.

सगळं काढू नका. मधला पट्टा मोकळा केला की बहुतेक पाणी तिथून धावतं, आणि दोन्ही कडांचं गवत काठाची माती धरून ठेवतं. कापलेलं गवत त्याच दिवशी बाहेर काढा. नाहीतर ते वाहत जाऊन पुढच्या मोरीच्या तोंडाशी अडकतं, आणि तुंबलं की कुजून पाण्यातला प्राणवायू खातं. जलपर्णीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. ती पाण्यावर झाकण घालते. पाण्याला मग खाली तळाची आणि वर मुळांच्या जाळ्याची अशी दोन्हीकडून ओढ बसते आणि वेग पडतो. तिची चटई असेल तिथे वाऱ्याला पाणी पकडताच येत नाही, म्हणून तरंगही उठत नाहीत. पण तेवढ्यासाठी ती ठेवावी असं मी कुणालाच सांगणार नाही.

प्रश्न : पाणकणीस जर इतकं करत असेल, तर समुद्रातली केल्पची जंगलं, तीस-चाळीस मीटर उंचीची, लाटा पार झोपवत असतील?

मलाही असंच वाटायचं. जायंट केल्प हे समुद्रशैवाल अनुकूल पाण्यात दिवसाला ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतं, हवेच्या फुग्यांवर तरंगत पृष्ठभागापर्यंत पोचतं आणि वर छत धरतं. एवढं जंगल लाट खाणार नाही तर कोण? पण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष लाटा मोजल्या तेव्हा केल्पच्या पट्ट्यामुळे लाटांवर लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही असं दिसलं. तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला.

यात विसंगती नाही. वनस्पती पाण्याची ताकद खाते ती पाणी आणि ती यांच्या वेगातल्या फरकामुळे. पाणकणसाची काडी उभी राहते आणि पाणी तिच्यावरून घासून जातं. केल्पची दोरी लांब आणि सैल असते. लाट पुढे गेली की ती पुढे जाते, मागे आली की मागे येते. पाण्याबरोबरच फिरणाऱ्याला पाणी घासत नाही. प्रवाहाची गोष्ट वेगळी. तो एकाच दिशेने वाहत राहतो, दोरी ताणली जाते, पुढे जायला जागा उरत नाही, आणि मग विरोध सुरू होतो. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्याच पॉइंट लोमा इथल्या केल्पच्या मोजणीत जंगलाच्या आतला प्रवाह बाहेरच्यापेक्षा खूपच मंद आढळला होता. एकच वनस्पती प्रवाहाला अडवते आणि लाटेला जाऊ देते.

यावरून माझ्या एका चुकीबद्दल लिहिते, कारण ती अजून सलते. सुरुवातीच्या काळात एका जलाशयाच्या काठासाठी मला सल्ला द्यायचा होता. मी फ्ल्यूममध्ये लाकडी गोल काड्या रोवून मोजमाप केलं, छान आकडे आले, आणि त्यावरून वीस मीटरचा पट्टा पुरे होईल असं लिहून दिलं. लावलेलं गवत मात्र मऊ जातीचं होतं. पहिल्याच वादळी वाऱ्यात ते पाण्याखाली सपाट झोपलं आणि लाटा त्याच्यावरून काठापर्यंत पोचल्या. गवत दुसऱ्या दिवशी उभं राहिलं, काठाचा तुकडा मात्र गेला होता. जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन व्होगल यांनी वाकणाऱ्या जीवांवर जे काम केलं ते मी त्यानंतर वाचलं. ताठ काडीवर पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वाकून आकसणाऱ्या पात्यावर तो बहुधा दोन ते पावणेतीन पटच होतो. लव्हाळं वाकतं म्हणून वाचतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खरंच आहे. पण जितका जोर त्याने स्वतःवर घेतला नाही, तितका जोर त्याच्या मागे उभ्या असलेल्याकडे गेला, हे मला त्या काठाने शिकवलं. तेव्हापासून मी जात कोणती, काडी किती जाड, हाताने वाकवली तर कुठपर्यंत वाकते, हे विचारल्याशिवाय रुंदीचा आकडा देत नाही.

प्रश्न : कांदळवन असेल तर वादळात समुद्राचं पाणी आत शिरत नाही, हे खरं का?

लाटा आणि पाण्याची चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही सेकंदांच्या लाटांसाठी कांदळवन चांगलंच काम करतं. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत पुरेशा उंच झाडांच्या १०० मीटर पट्ट्यात लाटेची उंची २० टक्क्यांपर्यंत घटलेली दिसली. वादळाने चढणारा समुद्र मात्र तासन् तास चढलेला राहतो. त्याला झाडांमधून वाट काढायला भरपूर वेळ असतो. तिथे घट दर किलोमीटरमागे काही सेंटीमीटर ते फार तर अर्धा मीटर, एवढीच धरावी. रुंद जंगल असेल तर तेही मोलाचं आहे. पण अरुंद पट्ट्याच्या भरवशावर वादळात घरी थांबू नका. सूचना आली की निघा.

प्रश्न : आमचा गट काठावर गवत लावणार आहे. रोपं थोडी आहेत, तेव्हा ती लांब लांब लावून जास्त काठ झाकावा असा विचार आहे. चालेल?

नको. विरळ काड्यांमधे पाण्याचा वेग फारसा कमी होत नाही, पण प्रत्येक काडीमागे भोवरा मात्र सुटतो, आणि तो भोवरा तळाची माती उचलतो. उघड्या तळापेक्षाही तिथे जास्त खणलं जाऊ शकतं. थोडी रोपं असतील तर थोड्याच जागेत दाट लावा. दाट ठिगळाला वळसा घालून जाणारं पाणी ठिगळाच्या दोन्ही बाजूंना जोर धरतं, तिथे चर पडतो का ते पहिल्या वर्षी पाहत राहा. रोपं रुजेपर्यंत पाण्याच्या बाजूला झाडाच्या फांद्यांचं साधं कुंपण घातलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि धीर धरा. गवत जगलं की ते पाणी शांत करतं, शांत पाण्यात गाळ बसतो, पाणी नितळ होतं, ऊन तळापर्यंत जातं आणि गवत आणखी वाढतं. हे चक्र उलटंही फिरतं, गवत गेलं की गढूळ पाण्यात ते परत रुजत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांमधलं समुद्रगवत १९३० च्या दशकात रोगाने आणि वादळाने गेलं, ते कित्येक दशकं आपण होऊन परतलं नाही. मग तिथे साधारण वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त बिया हाताने पेरल्या गेल्या. आज तिथे सुमारे ३,६०० हेक्टरवर गवत उभं आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. हे घरी करून बघता येईल का?

येईल, आणि तू जरूर कर. हातभर लांबीचा ट्रे घे. तळाला मातीचा किंवा खेळण्यातल्या क्लेचा थर दे आणि मधल्या वीतभर जागेत दात कोरायच्या काड्या बोटभर अंतरावर उभ्या रोव. काड्यांची टोकं पाण्याबाहेर राहतील इतकंच पाणी घाल. लांबच्या टोकाला एक स्पंज तिरका ठेव, नाहीतर लाट भिंतीवर आपटून परत येईल आणि काय बघतोयस ते कळणार नाही. आमच्या फ्ल्यूममध्येही त्या टोकाला असंच काहीतरी असतं. आता पट्टीने एका टोकाचं पाणी सावकाश, एका तालात ढकल, आणि काड्यांच्या अलीकडे व पलीकडे बुचाचा एकेक तुकडा तरंगत ठेवून दोन्ही किती वर-खाली होतात ते पाहा. मग पाणी वाढव, काड्या बुडू देत, आणि पुन्हा कर. तिसऱ्यांदा काड्यांच्या जागी लोकरीचे धागे रोवून बघ.

मला पत्र लिहिशील तेव्हा काड्या किती होत्या, त्यांच्यात अंतर किती होतं आणि पाणी किती खोल होतं, हे तिन्ही आकडे लिहायला विसरू नकोस.